बॉलवेडं पिल्लू आणि ‘सोड’ हा शब्द

नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरला तरी ढुंकून बघत नाही, पण कपाटात ठेवलेला बॉल नुसता घरंगळल्याचा आवाज आला की गाढ झोपेतून ताडकन उठतं. चार-पाच महिन्यांच्या पिल्लांमध्ये हे वेड हमखास दिसतं. लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांचं तर विचारूच नका. देशी पिल्लंही मागे नसतात, फक्त बॉलपेक्षा पाठलाग आणि ओढाताण त्यांना जास्त भावते. घरचे वैतागतात. श्वानपथकांसाठी पिल्लू निवडताना मात्र नेमकं हेच वेड शोधतात. स्फोटकाचा वास आल्यावर कुत्रा शांतपणे खाली बसतो, तो बहुतेक वेळा त्यानंतर मिळणाऱ्या बॉलसाठी.

पण वेड आहे म्हणून बक्षीस आयतं हातात आलं, असं होत नाही. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात: खेळणं माणसाच्या ताब्यात असणं आणि ‘सोड’ म्हटल्यावर तोंड उघडणं. ‘बैस’, ‘ये’, ‘थांब’ हे सगळं त्यानंतर. बहुतेक घरांत उलटा क्रम लागतो. पहिल्या दिवशी बॉल दाखवून ‘बैस’ करून घेतात, पिल्लू बसतं, बॉल मिळतो आणि बॉल घेऊन ते सोफ्याखाली पसार होतं. प्रशिक्षण तिथेच संपतं. पुढची दहा मिनिटं झाडूच्या दांड्यानं बॉल बाहेर काढण्यात जातात.

वेड नेमकं कशाचं?

कामवाल्या मावशी केर काढू लागल्या की केरसुणीवर तुटून पडणारी पिल्लं घरोघरी असतात. त्यांना केरसुणीशी काही देणंघेणं नसतं. जमिनीवरून सरपटत पळणारं काहीतरी पकडायचं असतं. म्हणून आधी बघा, तुमच्या पिल्लाला मजा कशात येते: पाठलागात, तोंडात धरून ओढण्यात, झटके देण्यात, ‘चूं चूं’ आवाजात, की नुसतं तोंडात घेऊन मिरवण्यात.

संध्याकाळच्या जेवणाआधी तीन वस्तू घ्या: एक बॉल, एक कापडी वेणी, एक आवाज करणारं खेळणं. प्रत्येक वस्तू पिल्लापासून दूर जाईल अशी जमिनीवरून दहा सेकंद ओढा, मध्येच थांबवा, पुन्हा पळवा. दोन दिवस करा. पकडल्यावर पिल्लू काय करतं, त्यावर खरं लक्ष ठेवा. वस्तू तुमच्याकडे आणून ढकलत असेल तर त्याला ओढाताण हवी आहे, आणि असं पिल्लू शिकवायला सर्वांत सोपं. घेऊन पळत असेल तर खेळण्याला दोन मीटरची दोरी बांधूनच खेळावं लागेल. एका कोपऱ्यात बसून फाडत असेल तर आवाजाची शिट्टी पोटात जाण्याआधी ते खेळणं बाद करा.

प्रशिक्षणाचं खेळणं पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटर लांब असावं, म्हणजे तुमची बोटं आणि सुईसारखे दुधाचे दात यांच्यात अंतर राहतं. घरीही बनतं. जुन्या सुती टी-शर्टच्या ऐंशी सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या कापा, एका टोकाला गाठ मारून घट्ट वेणी घाला आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारा. वेणीत लांबी कमी होऊन साधारण अर्धा मीटर उरते. जुना मोजा किंवा चप्पल मात्र देऊ नका. जुना मोजा आणि कालच तुळशीबागेतून आणलेला मोजा यांतला फरक पिल्लाला कळत नाही.

बॉलच हवा असेल तर दोरी ओवलेला भरीव रबरी बॉल घ्या. तो दाढांच्या मागे सरकणार नाही इतका मोठा असला पाहिजे. तीन महिन्यांच्या लॅबला बरोबर बसणारा बॉल आठव्या महिन्यात घशात अडकू शकतो, म्हणून माप दर दोन महिन्यांनी पाहा. टेनिस बॉल नकोच. एक तर त्याच्या लोकरीत धूळ-वाळू बसली की ती चावताना दातांवर पॉलिश पेपरसारखी घासते. दुसरं कारण पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको: पार्किंगमध्ये मुलं त्याच बॉलनं क्रिकेट खेळत असतात. पिल्लाला टेनिस बॉलचं वेड लावलंत, तर संध्याकाळच्या फेरीत प्रत्येक चेंडूला पट्टा तुमचा खांदा निखळेल इतका ओढला जाईल.

खेळणं कपाटात

दिवसभर जमिनीवर पडलेल्या बॉलची किंमत संध्याकाळपर्यंत शून्य होते. चावायच्या वस्तू जमिनीवर राहू द्या, पण हे एक खेळणं कपाटात. ते बाहेर येणार दिवसातून तीनदा, दोन-तीन मिनिटांसाठी, आणि नेहमी कुणाच्या तरी हातात. पिल्लू अजून ‘आणखी, आणखी’ करत असतानाच खेळ थांबवा. इथे सगळ्या घराची साथ लागते. ‘एवढुसं तर आहे, खेळू दे की’ म्हणून आजोबांनी दुपारी हळूच बॉल काढून दिला, की आठवड्याची मेहनत गेली.

खेळायची रीतही महत्त्वाची. खेळणं पिल्लाच्या तोंडात कोंबू नका. उंदीर पळतो तसं ते पिल्लापासून लांब, जमिनीलगत, वेडंवाकडं पळू द्या. दोन-तीन चुकलेल्या झडपांनंतर पकडू द्या. पकडलं की पाच-दहा सेकंद ओढाताण करा आणि तीनातून एकदा तरी त्याला जिंकू द्या. ओढ आडवी ठेवा. वर उचलू नका, चारही पाय जमिनीवर हवेत. मानेच्या मणक्यांना झटका बसतो तो वर खेचल्यानं.

साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतात. या काळात कापडावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. तुमची बाजू मात्र सैल धरा, ओढायचं काम पिल्लाला करू द्या. खेळणं धरताच सोडून देत असेल किंवा तोंडावर पंजा मारत असेल, तर चार दिवस सुट्टी.

आणि फरशी. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर ओढाताण करताना मागचे पाय फाकतात आणि कंबर-गुडघ्यांवर ताण येतो. योगा मॅट किंवा तळाशी रबर असलेली चटई अंथरा. सतरंजी स्वतःच सरकते, ती कामाची नाही.

‘सोड’

इथे घाई करू नका. हे जमायला आठवडा ते पंधरा दिवस लागतात.

पिल्लू ओढत असताना खेळणं दोन्ही हातांनी घट्ट धरून मांडीला टेकवा आणि स्वतः पुतळा व्हा. ओढू नका, बोलू नका, डोळे वटारू नका. जिवंत उंदीर अचानक मेला. पिल्लू पाच-दहा सेकंद खेचेल, गुरगुरेल, पकड बदलेल. मग जबडा सैल पडेल. तोंड सुटलं त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि लगेच खेळणं पुन्हा पळवा. बस, एवढंच. सोडलं की खेळ संपतो, असं नसून सोडलं की खेळ पुन्हा सुरू होतो, हे त्याच्या डोक्यात बसवायचंय.

पहिले दोन-तीन दिवस तोंडानं ‘सोड’ म्हणूच नका. दहातून आठ वेळा दोन-तीन सेकंदांत तोंड उघडू लागलं, की मग खेळणं स्थिर करण्याच्या जरा आधी ‘सोड’ म्हणायचं. एकदाच. ‘सोड सोड सोड, सोड ना रे बाळा’ असं गाणं झालं की त्यातला कितवा ‘सोड’ खरा, हे पिल्लाला कसं कळणार? एका बैठकीत पाच-सहा वेळा ‘सोड’ पुरे. त्यातल्या शेवटच्याच वेळी खेळणं कपाटात जाईल, बाकी प्रत्येक वेळी परत मिळेल.

अर्धा मिनिट झाला तरी सोडत नसेल, तर हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा खिशातून काढून नाकाशी न्या. क्रम लक्षात ठेवा: आधी खेळणं स्थिर, मग तुकडा. तुकडा आधीच दिसू लागला तर पिल्लू पुढे तुकडा दिसल्याशिवाय तोंड उघडणार नाही. चार दिवसांत हा आधार काढून टाका. खाण्याला भीक न घालणारं पिल्लू असेल तर हुबेहूब तसंच दुसरं खेळणं आणा. हातातलं मेलेलं, दुसऱ्या हातातलं पळणारं. पिल्लू आपणहून दुसऱ्यावर जाईल.

जबड्यात बोटं घालून ओढून काढणं, गाल दाबणं, नाकावर टिचकी मारणं, यातलं काहीही करू नका. त्यानं पिल्लू दोनच गोष्टी शिकतं: दात आणखी घट्ट रोवायचे किंवा वस्तू झटकन गिळून टाकायची. खेळातलं गुरगुरणं वेगळं, त्यात अंग सैल असतं, शेपटी-कंबर हलत असते. पण अंग ताठ, मान खेळण्यावर झाकलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय आणि हालचाल एकदम थांबली, तर ती राखण आहे, म्हणजे ‘हे माझं, जवळ येऊ नको’ असा इशारा. ओरडू नका, हात घालू नका, तिथेच थांबा, आणि हे पुन्हा झालं तर पशुवैद्य व अनुभवी प्रशिक्षक यांना दाखवा.

आधी शुभंकरोति, मग खेळ

आवडतं काम मिळण्यासाठी कमी आवडतं काम आनंदानं केलं जातं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली शास्त्रीय भाषेत मांडलं. आपल्याकडच्या आज्यांनी संध्याकाळी दिवेलागणीला तेच केलं.

‘हां’ या शब्दाला आता पगारी नोकरीवर घ्यायचंय. खेळणं पाठीमागे धरा, ‘हां’ म्हणा, लगेच खेळणं बाहेर. दोन दिवसांत पंधरा-वीस वेळा. हा खटाटोप कशासाठी? पिल्लू बसलं, तुम्ही कमरेला खोचलेलं खेळणं शोधून काढलं, यात तीन सेकंद गेले आणि तोवर ते उठून उड्या मारू लागलं. म्हणजे बक्षीस उड्यांना मिळालं. बूड टेकलं त्याच क्षणी ‘हां’ गेला, तर खेळणं तीन सेकंद उशिरा आलं तरी चालतं.

मग रोजचा क्रम असा: खेळणं नजरेआड, हात मोकळे. ‘बैस’. बूड टेकताच ‘हां’. खेळणं बाहेर, दहा-पंधरा सेकंद झकास ओढाताण. ‘सोड’. पुन्हा ‘बैस’. पाच-सहा फेऱ्या झाल्या की बैठक संपली.

खेळणं आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच झाली, आणि लाचेवर चालणारं काम लाच दिसेनाशी होताच थांबतं. हे तपासायचं कसं? खेळणं फ्रीजवर ठेवा, रिकाम्या हातांनी दुसऱ्या खोलीत जा, ‘बैस’ म्हणा. बसलं तर ‘हां’ म्हणून दोघं धावत फ्रीजकडे जा. ही धाव पिल्लांना इतकी आवडते की दोन-चार दिवसांत खिशात खेळणं आहे की नाही, हा हिशेब ती सोडून देतात.

खेळणं कुठे द्यायचं, यावर बरंच अवलंबून असतं आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ‘ये’ शिकवताना बॉल पिल्लाकडे फेकलात तर ते तुमच्यापासून चार फुटांवर थांबायला शिकेल. त्याऐवजी पाय फाकवून उभे राहा आणि खेळणं दोन पायांमधून मागे पळवा. पिल्लू पूर्ण वेगानं तुमच्यापर्यंत येईल. ‘थांब’ शिकवताना स्वतः चालत पिल्लाकडे परत जा आणि खेळणं तिथेच द्या. लांबून बोलावून दिलंत, तर ‘थांब’ म्हणजे ‘पळायच्या तयारीत राहा’ असा अर्थ लागतो. पट्ट्यात बाजूनं चालायला शिकवत असाल तर ते ज्या मांडीजवळ हवं, त्या मांडीलाच खेळणं आलं पाहिजे.

‘थांब’ची वाढ मुंगीच्या पावलांनी करा: एक सेकंद, तीन, दोन, पाच, तीन, आठ. सतत वाढवत नेलं तर पिल्लू कंटाळून उठतं. मध्ये मध्ये सोपं येऊ द्या.

सगळंच खेळण्यावर शिकवू नका. नवी गोष्ट पहिल्यांदा शिकवताना खाणं बरं, कारण मिनिटाला आठ-दहा वेळा सराव होतो. नखं कापणं, कान बघणं, दवाखान्याच्या टेबलावर उभं राहणं, पाहुणे आल्यावर चटईवर पडून राहणं, इथेही खाणंच, कारण खेळण्यानं अंगात वारं भरतं आणि इथे तर शांतपणा हवा. वेग हवा तिथे खेळणं: बोलावल्यावर धावत येणं, झटकन बसणं, रस्त्यातल्या व्यवधानांतून तुमच्याकडे लक्ष देणं.

शब्द घरात एकच ठरवा. आई ‘बैस’, मुलगा ‘सिट’ आणि आजी ‘खाली बस पाहू गुपचूप’ म्हणत असेल, तर बिचारं पिल्लू तीन भाषा शिकतंय. फ्रीजवर कागद चिकटवा.

पार्किंग, रस्ता, टेकडी

लसींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ते पुरे होऊन पशुवैद्य ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत रस्त्यावर आणि टेकडीवर जमिनीला पाय नको, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका मोठा आहे. तोवर घर, गॅलरी आणि भटकी कुत्री येत नाहीत अशी गच्ची.

बाहेर पहिल्या दिवशी घरच्यासारखं काहीही जमणार नाही, हे गृहीत धरा. गच्चीत पक्कं झालेलं ‘बैस’ पार्किंगमध्ये पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या गल्ल्यांत खाण्याच्या पिशवीपेक्षा खेळण्याचा एक मोठा फायदा असा की पनीरच्या वासानं चौकातली चार भटकी कुत्री मागे लागतात, शर्टात खोचलेल्या कापडी वेणीमागे कुणी येत नाही. पण फेकाफेक बाहेर पूर्ण बंद. घरंगळलेला बॉल रिक्षाखाली जातो आणि पाठोपाठ पिल्लू.

वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला ‘ये’चा सराव करायचा तर आठ-दहा मीटरची लांब दोरी लावा आणि ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा. गळ्याच्या पट्ट्याला बांधली तर पूर्ण वेगात दोरी संपल्यावर मानेला हिसका बसतो. दोरी अजिबात सोडू नका, टेकडीवर मोर आहेत आणि मोर उडाला की जगातला कुठलाही बॉल फिका. पावसाळ्यात व नंतर घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, काखेत गोचिडी तपासा.

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पिल्लाचे पंजेही टिकणार नाहीत. बॉलवेडं पिल्लू दमलं म्हणून स्वतः थांबत नाही, त्यामुळे थांबवायचं काम तुमचं. जीभ रुंद होऊन टोकाला चमच्यासारखी वळली की खेळ बंद, सावली, पाणी. हिरड्या गडद लाल दिसल्या, झोकांड्या गेल्या किंवा उलटी झाली तर अंगावर साधं गार पाणी ओता आणि थेट दवाखाना. पग आणि शित्झूसारख्या बसक्या नाकाच्या पिल्लांना उन्हाळ्यात बाहेर हे खेळ नकोतच.

गणपतीच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. तेव्हा खेळणं थर्मामीटरचं काम करतं. एरवी जीव टाकणारं पिल्लू खेळण्याकडे बघतही नसेल, तर ते हट्टी झालेलं नाही, घाबरलंय. खेळणं तोंडापुढे नाचवू नका. ते पुन्हा खेळणं धरेल इतकं लांब जा, एखादी गल्ली, दोन गल्ल्या, आणि त्या दिवशीचा सराव तिथेच करा.

बिघडतं कुठे

खेळणं घेऊन पळतं: तुम्ही पाठलाग केलात, म्हणून. त्याच्या दृष्टीनं तोच खेळ. दोरी बांधा आणि उलट्या दिशेला तुम्ही पळा.

हातच पकडतं: खेळणं आखूड आहे, किंवा ओढणीचं टोक खेळण्यापेक्षा जास्त फडफडतंय. दात लागताच दहा सेकंद पुतळा, मग लांब खेळण्यानं पुन्हा. लहान मुलांच्या हाती ओढाताण नको.

भुंकून मागतं: कुणीतरी भुंकल्यावर दिलंय. आता भुंकलं की खेळणं खिशात, तीन सेकंद शांतता झाली की एक सोपं काम, मग खेळणं. पहिले दोन-तीन दिवस भुंकणं वाढेल. या दिवसांत शेजाऱ्यांना सांगून ठेवा आणि मधेच हार मानू नका, नाहीतर आणखी जोरात भुंकायचं शिक्षण होईल.

शब्द कानातच शिरत नाही, नुसते डोळे खिशावर: उत्साह डोक्यावर गेलाय. त्या दिवसासाठी दोन नंबरचं आवडतं खेळणं वापरा.

याच्याही पुढची पायरी म्हणजे तासन्‌तास कपाटाकडे टक लावून बसणं, झोप न लागणं, बॉल दिसला की कापणं. अशा पिल्लाला सलग तीस वेळा बॉल फेकून ‘दमवणं’ हा उपाय नव्हे, त्यानंच ते जास्त पेटतं. शिवाय हाडांची वाढ चालू असते, मोठ्या जातींत ती दीड वर्षापर्यंत चालते, आणि अचानक ब्रेक व हवेतल्या उड्या सांध्यांना भोवतात. फेकण्याऐवजी बॉल पाच-सहा मीटर जमिनीवरून घरंगळवा, तोही दोन-चारदा. लेझरचा लाल ठिपका तर घरात नकोच: पकडताच न येणाऱ्या गोष्टीमागे धावून काही कुत्री पुढे सावल्यांच्याही मागे लागतात.

बैठक संपवायची पद्धत रोज तीच ठेवा. शेवटचं ‘सोड’, मग ‘झालं’, खेळणं पिल्लाच्या देखत कपाटात, आणि चटईवर किंवा पायपुसण्यात त्याच्या रोजच्या खाण्यातले आठ-दहा दाणे विखरून द्या. वास घेत दाणे शोधता शोधता श्वास खाली येतो. मग पाणी आणि झोप.

कापडी वेणी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा आणि सुटलेले धागे कापा. वेणी पातळ पडली की नवी घाला. धागा गिळला गेला आणि तोंडातून किंवा शेपटीखालून टोक लोंबताना दिसलं, तर ते ओढू नका, दुसरं टोक आत आतड्यात अडकलेलं असू शकतं. लोंबतं टोक तसंच ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठा.